जिकडे वाटेल तिकडे

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ग्रीसचा पेपर होता.
विद्यापीठाच्या लायब्ररीत, आवाज करणाऱ्या पंख्याखाली,
मी एका भिंतीचा फोटो बघत बसले होते.
डोंगरातल्या देवळाची भिंत,
मुंगीएवढ्या अक्षरांनी भरलेली.
स्तोत्रं असतील असं वाटलं.
निघाली खरेदीखतं.

मालक बाईला देवाला विकायचा.
पैसे तिचेच, लोकर कातून साठवलेले,
देवाच्या नावानं मालकाच्या हातात.
आणि देव काय करायचा तिचं?
काहीच नाही.
खाली लिहिलेलं असायचं :
आता हिनं जिकडे वाटेल तिकडे जावं.

रात्री आईला वाचून दाखवलं.
भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.
"देवाला इकली आन् मोकळी झाली व्हय?
वाच की परत."

आईला सातव्या वर्षी देवाला सोडली.
सोडली, हाच शब्द आहे आपल्याकडे.
बैल सोडतात, पाटाला पाणी सोडतात,
आणि गळ्यात लाल-पांढरे मणी बांधून
म्हणतात, सोडली.

मग केसांत जट धरली.
वेताच्या पाटीत पितळी मुखवटा, मोरपिसं,
त्याला जग म्हणतात.
ते जग डोक्यावर घेऊन
गंगावेशीपासून लक्ष्मीपुरीपर्यंत तिनं किती दारं केली,
पण ह्या गावातली एकही वाट तिनं धरली नव्हती,
वाटेनंच तिला धरलं होतं.
नाव कुणी घेतलं नाही.
निपाणीकडची, म्हणून निपाणीवाली.
ग्रीसमध्येही होत्या अशा. थ्रात्ता म्हणायचे.
म्हणजे थ्रेसवाली. बस्स, एवढंच.

सरांनी फळ्यावर लिहिलं : एलेउथेरिया.
म्हणाले, हे मूल्य चौकातल्या सभेत जन्मलं.
मी उत्तरपत्रिकेत लिहून आले :
ज्याच्या गळ्यात कधी दावं पडलं नाही
त्याला दाव्याची लांबी कशी ठाऊक?
सभेतला माणूस दुपारभर बोलू शकला
कारण घरी त्याचं जातं दुसरंच कुणी ओढत होतं.
तो शब्द आधी घडला असणार
जळत्या गावाबाहेर, हात बांधलेल्या बाईच्या तोंडात,
मालकाला न कळणाऱ्या भाषेत.
त्यांनी नंतर ऐकला
आणि आपल्या सातबाऱ्यावर चढवला.

वीसपैकी नऊ मिळाले.
समासात लाल शाईनं : पुरावा?

त्या भिंतीवर पुष्कळ ठिकाणी
शेवटी एक अट असते.
मालक जिवंत आहे तोवर तिनं त्याच्याकडेच राहावं,
सांगेल ते करावं.
मोकळी, पण.
आई हसली. "पण असतंयच गं."

गेल्या वर्षी संस्थेच्या बायकांनी तिची जट कापली.
समोरच्या वाण्याच्या काट्यावर पावणेदोन किलो भरली.
पंचगंगेत सोडली.
तरी महिनाभर ती दारातून वाकूनच आत यायची,
मान तशीच ताठ,
न दिसणारं काहीतरी सांडू नये म्हणून.

आणि काल ती केएमटीत चढली, एकटी.
कंडक्टरनं विचारलं, "कुठं, मावशी?"
साधा प्रश्न. दिवसाला हजारदा विचारत असेल तो.
हिला उत्तर सुचेना.
दसरा चौक गेला, मागचे लोक कुरकुरले.
मग म्हणाली, "शेवटपर्यंत."

अंधार पडायला घरी आली.
चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं.
मी विचारलं, काय काम होतं तिकडं?
"काय न्हाई.
एक पेरू घेतलो. कट्ट्यावर बसून खाल्लो.
आलो."