वाख

गुरुवारी पाषाणला पाणी बंद असतं,
हे प्रयोगवहीत लिहून ठेवायला हवं होतं.

सकाळी घायपाताचा वाख
पाच टक्के कॉस्टिकमध्ये बुडवला.
चार तासांनी काढायचा, मग धुवायचा,
लाल लिटमस लालच राहीपर्यंत,
बादलीमागून बादली.
नळ दोनदा खाकरला आणि गप्प झाला.
म्हटलं, राहू दे रात्रभर आत,
अजून थोडं मेण सुटेल,
बिघडतंय काय?

शुक्रवारी बीकरमध्ये उकळलेल्या चहाचा रंग,
आणि हाताला लागला तो वाख नव्हता,
पिंजलेलं काहीतरी होतं.
मशीनच्या जबड्यात धरला.
आकडा चढायला लागला न लागला तोच पडला.

अवघडेमामा काचसामान विसळता विसळता आले.
निवृत्तीला आठ महिने.
वडील मुळशीकडे दोर वळायचे, एवढंच माहीत होतं.
एक तंतू अंगठ्याखाली घेऊन म्हणाले,
"कुजवायचा, पण मरू द्यायचा नाही.
बाप रोज एक पात डोहातून काढून हुंगायचा.
तुमच्या पट्टीला नाक आहे का?"

मंगळवारी पुन्हा. चार तास, मोजून.
मामा घड्याळाकडे न बघता
माझ्याआधी दोन मिनिटं उठले.

न धुतलेला वाख रेझिनमधून
गुळगुळीत निसटून यायचा,
मागे एक गोल, कोरडं बीळ सोडून,
ताटावरून न जेवता उठलेल्या पाहुण्यासारखा.
हा खरखरीत झालेला, अंगावर चरे पडलेला,
शेवटपर्यंत सुटला नाही.
तुटला.
दोन्ही टोकं रेझिनला धरून.

मी टाळी वाजवली.
"तुटला तर हसता कशाला?" मामांनी विचारलं.
मी भिंगातून दाखवलं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
"हं" म्हणाले.

उरलेला वाख त्यांनी मागून घेतला.
स्टुलावर बसून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून,
मांडीवर दोन वीत दोरी वळली.
सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात;
इथे पीळ हातांत राहिला होता,
चाळीस वर्षं बीकर विसळूनही.

दोरीचं एक टोक त्यांनी गळक्या नळाला बांधलं,
दुसरं खाली बादलीत सोडलं.

बुधवारची रात्र.
थेंब दोरी धरून
आवाज न करता उतरत राहिले.