टेबल नंबर सव्वीस

दारावरच्या मुलीने मनगटाला पिवळी पट्टी बांधता बांधता
माझ्या मागे पाहिलं. "बच्चा कहाँ है, आंटी?"
म्हटलं, मीच.
बासष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा,
हातात साडीचा खोका, खोक्यात एक्स्चेंज.

विजयनगरच्या मॉलचं तळघर.
डावीकडे राजवाडा, उजवीकडे राजवाडा,
समोर अर्धाच राजवाडा, तपकिरी विटा संपल्या म्हणून.
मधे मी, राखाडी.
कोपऱ्यात एक जण सुट्या विटा किलोवर देतोय,
शेव तोलावी तशा, वर मूठभर जास्त.
इंदूर आहे शेवटी.

"ये मंदिर है क्या?"
नाही रे, टेलिफोनचं ऑफिस.
"तो फोन कहाँ है?"
नव्हताच. भोकांच्या रांगा होत्या, दोऱ्या होत्या, आणि आम्ही चौघी:
कुंदा मुळ्ये, नसीम आपा, शारदा चौकसे, मी.
उज्जैन, खंडवा, महू, देवास.
दोरी भोकात बसली की बोटाखाली जे टिक व्हायचं
ते बोर्डाबरोबर भंगारात गेलं.
मग भाचीच्या मुलाला वाढदिवशी दोन विटा जोडून देताना
अचानक, तेच.
त्याने खेळ कधीच सोडला. मी नाही.
जाऊबाई विचारतात, वीट येत नाही का गं?
विटाच येतात, दर महिन्याला, पार्सलने.

बाहुल्या मात्र सगळ्या हसतमुख.
रात्रपाळीला, पहाटे तीनला, कोण हसतं?
एकीचं डोकं फिरवून पाहिलं,
मागे दुसरा चेहरा निघाला, वैतागलेला.
तो नसीम आपाला. तिला पटला असता.
कुंदाची वेणी मिळाली.
माझ्या कानावरचा हेडसेट तेवढा कुठेच मिळेना.

चारच्या सुमारास एक दातांचे डॉक्टर आले,
टक्कल, गळ्यात माझ्यासारखंच कार्ड.
बराच वेळ वाकून पाहत राहिले. मंदिर म्हणाले नाहीत.
खिशातून तंबाखूची डबी काढली,
आत तांदळाएवढे काळे तुकडे,
एक नखावर उचलून माझ्या डोक्यावर बसवला,
म्हणजे बाहुलीच्या.
टिक.

"कुठले आपण?"
"देवास."

मला पुढचं काही सुचलंच नाही.
तीन मिनिटं झाली की आम्ही लाईनवर येऊन सांगायचो,
तीन मिनिटं झाली, अजून वाढवायचं का?
ते निघाले तेव्हा
तेवढं तरी विचारायला हवं होतं.