तरवात?

एकोणतीस वर्षं मी विड्या तपासल्या,
साखर पेठेतल्या ब्रँचला, तापलेल्या पत्र्याखाली.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार.
तोंड नीट मिटलंय का, पोट फुगलंय का,
दोरा सैल तर नाही,
अंगठा फिरला की कळायचं.
वाईट ती छाट, टोपलीत.
बायका मला तेलुगूत शिव्या द्यायच्या
आणि मला तेलुगू येतं हे त्यांना ठाऊक होतं.

रांग लांब. रांगेत लचव्वा मेरगू गोष्ट सांगायची.
आदल्या रात्रीचा सिनेमा,
नाहीतर कुणी राजा, जो
आत्ताच कन्ना चौकातून घोड्यावरून गेल्यासारखा वाटायचा.
मला मोजायची खोड. मी गोष्टी मोजल्या.
चारच भरल्या.
कुणीतरी घर सोडतं.
कुणीतरी परत येतं, पण ओळखू येत नाही.
धाकटा थोरल्याचा काटा काढतो.
दोघांचं जमतं, तिसऱ्याला खपत नाही.
बाकी नावं बदलायची, लुगडी बदलायची, गाव बदलायचं.

एकदा बोलून दाखवलं,
"लचव्वा, तुझ्याकडं माल चारच नमुन्यांचा."
ती कट्टे मांडत म्हणाली,
"आणि तुमच्याकडं, चेकर? पान, तंबाखू, दोरा. तीनच.
ओढणारा कधी म्हणाला का,
ही कालचीच आहे म्हणून?"
बायका खिदळल्या.
त्या दिवशी मी तिच्या अकरा विड्या जास्त छाटल्या.
खोटं कशाला बोलू.

पण ती मधेच थांबायची,
पदरानं मान पुसायला, मुद्दामच.
आणि रांग हलायची:
तरवात?
मुंद?
फिर क्या हुआ गे?
मग?
पोशव्वा, गुरुबसव्वा, शहाजहानबी, द्वारका.
ज्यांनी तो सिनेमा दोनदा पाहिलेला
त्याच सगळ्यांत मोठ्यानं विचारायच्या.
माझाही अंगठा थांबायचा.

एक गोष्ट मात्र ती वर्षातून एकदाच सांगायची,
गड्ड्याची जत्रा उठली, पाळणे उतरवून ट्रकमध्ये भरले, की.
एक विणकर होता.
मिल बंद पडली, तो भिवंडीला मागावर गेला.
तो कोण, हे पत्र्याखाली सगळ्यांना माहीत.
तिकडं त्याचं दुसरं घर आहे, हेही.
पहिल्या वर्षी तो कुर्डुवाडीपर्यंत आला.
चहा प्यायला उतरला, गाडी सुटली.
पुढच्या वर्षी मोहोळ.
एका वर्षी सोलापूर स्टेशनवर उतरून
रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडला,
आणि भाडं तिनं बरोबर त्या वर्षीचं सांगितलं,
वाढलेलं.
मी मनात म्हणालो, ही दुसऱ्या नंबरची गोष्ट,
याचा शेवट मला ठाऊक आहे.
आणि तरी पुढच्या जानेवारीत
मी तिची पाळी मुद्दाम शेवटी ठेवली.

त्या वर्षी तो गल्लीतल्या नळापर्यंत पोचला.
नळाला रांग होती. हा घागर नसताना रांगेत उभा राहिला.
लचव्वा थांबली. मान पुसली नाही.

"तरवात?"
हे गुरुबसव्वानं विचारलं,
जिच्या तोंडून मी कानडीशिवाय
कधी काही ऐकलं नव्हतं.

लचव्वानं कट्टे माझ्यापुढं सरकवले.
"तरवात काय? पाणी गेलं."

मी अंगठा फिरवला.
चार विड्यांची तोंडं उघडी होती.
तशीच राहू दिली.

आता ब्रँच नाही, मी घरी असतो.
नात सिरियल बघते. मी सांगतो, हा मेलेला नाही, परत येणार.
ती म्हणते, माहितेय, गप्प बसा ना.

पाणी चौथ्या दिवशी येतं. रांगेत मी उभा असतो.
एखादा अनोळखी म्हातारा मागं येऊन थांबला
तर त्याच्या हातात घागर आहे का बघतो.
मग त्याच्या चपला.
लांबून चालत आल्यासारख्या वाटतात का.