डोंगरपट्टी

घरपट्टी भरते, पाणीपट्टी भरते,
आणि आणखी एक, जिची पावती कुणी फाडत नाही.

शिरोलीच्या फौंड्रीत मी डिस्पॅचला. अकरा वर्षं झाली.
पंपाची कव्हरं, व्हॉल्व्हचे सांगाडे
तेल चोपडून, निळ्या प्लॅस्टिकात गुंडाळून
लाकडी खोक्यात बसवायचे.
पोरीच्या वजनापेक्षा खोक्याचं वजन
मला जास्त नेमकं पाठ आहे.

भिंतीवरच्या नकाशावर लाकडी पट्टी ठेवली
तर समुद्र शंभर किलोमीटरच्या आत.
कंटेनर मात्र उत्तरेला वळतो :
कराड, सातारा, खंबाटकी, पुणे,
लोणावळ्याचा उतार, मग कुठं न्हावा शेवा.
पावणेचारशे.
बाबालाल मुल्ला स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणतो,
"मागच्या दाराला शेजारी ऱ्हातोय म्याडम,
आन आमी त्याला भेटाय सगळं गाव फिरून जातोय."

करूळला दरड येते. भुईबावडा अरुंद.
चाळीस फुटी डबा त्या वळणांवर वळत नाही,
आणि वळला, उतरला, तरी खाली
मासळीचा धक्का. क्रेन नाही.
स्टेशनात रूळ एका ठोकळ्याशी येऊन थांबतात.
पुढं काय आहे ते ठोकळा सांगत नाही,
मोजणीवाले दर काही वर्षांनी येऊन
त्यालाच विचारून जातात.

नदीचंही तेच.
खाऱ्या वाऱ्याच्या अंतरावर जन्मली,
आणि पाठ फिरवून निघाली पूर्वेला,
हजार किलोमीटर पलीकडच्या परक्या समुद्राकडं.

तो मात्र येतो वर.
दरसाल, गगनबावड्याची चढण चढून,
ई-वे बिल नाही, वजनकाटा नाही.
त्याच्यावरच तर उभा आहे हा सगळा ऊस.
शाहूपुरीत गुळाची ढेप फोडून चाखा :
समुद्रच आहे तो,
मीठ तेवढं घाटात उतरवून आलेला.

किलोमागं तीन रुपये.
बंदराकाठच्या कारखान्यापेक्षा आमचा माल एवढा महाग.
वाळू तीच, बीड तेच, भट्टी तशीच.
गिऱ्हाईक म्हणतं, तीन रुपये सोडा.
मालक सोडतात. कुठून सोडतात
ते साच्यावरच्या बाळगोंडाला विचारा,
त्याचा ओव्हरटाइम दिवाळीपासून बंद आहे.
डोंगर त्याच्या घरी कधी गेला नाही,
जेवतो मात्र तिथंच.

झांबियातल्या एन्डोलाहून म्वान्साचा मेल आला :
मार्चची खोकी मेअखेर पोचली, काय हे?
मी आमचा घाट सांगितला, दरड सांगितली,
जरा वाढवूनच सांगितलं.
त्याचं उत्तर दोन ओळींचं :
'आमचा समुद्र दोन हजार किलोमीटरवर आहे.
आणि तो आमचा नाही.'

मग हळूहळू बाकीचं कळत गेलं.
सीमेवर ट्रकांची रांग, चालक टायरखाली झोपलेले,
एक शिक्का चुकला की परत पहिल्यापासून.
त्यांचं तांबं जमिनीतून निघतं तेव्हा श्रीमंत असतं,
धक्क्याला लागेपर्यंत रस्त्यानं खाल्लेलं असतं.
आमच्या कव्हरांवर त्यांच्याकडचे पंप चालतात,
त्या पंपाचं पाणी किती महाग पडत असेल
याचा हिशेब माझ्या शीटमध्ये नाही.
एवढं दिसतं :
दोघांच्या मधलं जे अथांग पाणी,
भाड्याच्या रकान्यात
तोच सगळ्यात स्वस्त तुकडा.

त्यानं विचारलं, डोंगर दिसतो का तुम्हाला?
गेटपर्यंत जाऊन आले. जोतिबा दिसला.
घाट नाही दिसत, लिहिलं,
तो बिलातच दिसतो.

गेल्या आठवड्यात फोटो पाठवला त्यानं.
उघडलेलं खोकं, आमचं निळं प्लॅस्टिक,
आणि कव्हरावर चिकटलेलं वाळकं पान,
करवतीच्या कडेचं. वाऱ्यानं आलं असेल,
रस्त्यापलीकडं सगळा फडच आहे.

'हे काय?'

पाचट, असं लिहायला घेतलं.
खोडलं.
बाबालालनं बाहेर दोनदा हॉर्न वाजवला.
लिहिलं : समुद्र.
आमच्या बाजूचा.