पोटखराबा

कुंभारीच्या पुढं, डाव्या हाताला,
गट नंबर एकशे बारा.
उताऱ्यावर लिहिलेलं : पोटखराबा.
म्हणजे मुरूम, सरडे
आणि तरवड.

भाद्रपद संपत आलेला. ऊन असं
की टेपची पट्टी हाताला चटका द्यायची.
टेकाडावर यंत्र रोवलं, काचेला डोळा लावला,
तर समोर नुसतं पिवळंधमक.
तांबड्या-पांढऱ्या काठीच्या बरोबर आड
कमरेएवढं एकच झुडूप
अंगभर फुललेलं.

‘तोड रे,’ मी म्हणालो.
काशिलिंगनं कोयता काढला, आणि तसाच उभा.
‘साहेब, आमचा आजा ह्याची साल सोलायचा.
कुंडीत कातडं, वर साल, वर पुन्हा कातडं.
म्हातारा गेला
तरी नखातला तांबूस रंग गेला नव्हता.
वर्गात पोरं नाक धरायची माझ्याशेजारी,
आणि त्यांच्याच घरी घटावर माळ
ह्याचीच.’
एवढं बोलून तो बुडख्यापाशी वाकला.
घाव काही घातला नाही.

तेवढ्यात विडी घरकुलाकडनं राजमणीबाई आल्या.
बोटांना तंबाखूचा वास, मागं दोन नाती,
एक प्लास्टिकचं टोपलं.
‘तंगेडू!’ धाकटी ओरडलीच.
‘उद्या आमची बतकम्मा. ताटात
पहिला थर ह्याचा लागतो.
गेल्या साली रस्त्यापलीकडं मिळायचं,
तिथं आता मंगल कार्यालय.
कुठवर चालावं ओ आम्ही?’

मी नकाशा गुंडाळला, उगाच.
त्यात ह्याच जागेवरनं
नऊ मीटरचा रस्ता जात होता.

पोरींनी फुलं खुडली. ‘कळ्या ऱ्हाऊ द्या गं,’ बाई म्हणाल्या,
तेलुगूत की मराठीत, आठवत नाही.
टोपलं भरलं तरी काठी दिसेना.
मग यंत्रच दोन हात सरकवलं.
सगळी मापं पहिल्यापासून.
वहीत कारण लिहिलं : वारा.

फाल्गुनात जेसीबी आला.
तो काही सरकवत नाही.

परवा प्लॉट सतराच्या मालकाचा फोन :
‘कंपाउंडच्या बुडातनं कसलंतर झुडूप येलालंय बघा.
दोनदा छाटलं. शेळीपण तोंड लावंना.
साहेब, जागा एनए झालीय ना नक्की?’

झालीय, मी म्हणालो. शिक्क्यासकट.
तरवडाला तेवढं
अजून कुणी कळवलेलं नाही.