चार आकडे

सेकोंदीच्या धक्क्यावर, माझ्या पिवळ्या छत्रीखाली
आराबा एसुऑन येऊन बसली
तेव्हा तिच्या हातांना माशांच्या धुराचा वास होता,
आणि फोन तिने दोन बोटांत धरला होता,
नासका मासा शेपटीला धरावा तसा.

"पोरी, बघ, याच्यात काही उरलंय का."

काही नव्हतं.
उलट दोन हजार सेडींचं कर्ज होतं,
मध्यरात्री, ती झोपेत असताना घेतलेलं.
"मी नाही घेतलं," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"माझ्या नावाने घेतलं असेल,"
जणू नाव म्हणजे एखादं वांड पोर,
रात्रीचं भिंत चढून गेलेलं.

आवाज गोड होता म्हणे. आपल्याच फान्तेत बोलला.
आधी आई म्हणाला, मग गुडघ्याचं विचारलं,
मग एबोच्या जाण्याचं दुःख केलं.
मेलेल्या नवऱ्याचं नाव ज्याला ठाऊक
तो परका कसा?
खातं बंद पडतंय, आई, चारच आकडे सांगा.
आणि तिने सांगितले,
दारी आलेल्याला पाणी द्यावं इतक्या सहज.

पन्नास वर्षं मासे विकणाऱ्या बाईला
गळ म्हणजे काय, हे मी सांगायचं?
तीच म्हणाली,
"आमिष नेहमी माशाच्या ओळखीचं असतं."

नवे आकडे टाक, मी म्हटलं. जुने कोणते होते?
तिने बोट केलं.
वाळूवर उपडी पडलेली एबोची होडी,
रंग उडालेली, बुडाला शेवाळ,
पण नंबर अजून ठसठशीत,
पांढऱ्यावर तांबडा,
अख्ख्या बंदराला वाचता येईल एवढा.

मग शोधत बसलो दोघी.
लग्नाचं साल चर्चच्या वहीत.
लेकीचा वाढदिवस फेसबुकवर, केकसकट.
ओट्याचा नंबर पावतीवर, पावती कुणाच्याही खिशात.
बासष्ट वर्षांचं आयुष्य
आणि त्यात चार आकडे सापडेनात
फक्त तिचे असलेले.

ऊन छत्रीखाली सरकलं. दोन गिऱ्हाइकं परत गेली.
अचानक तिने माझ्याकडे पाठ केली,
वाऱ्यात काडी पेटवताना करतात तसा
तळहाताचा आडोसा केला
आणि एकेक आकडा दाबला.
चौथ्यापाशी थांबली. नाक ओढलं. दाबला.

मी विचारलं नाही
कुठल्या वर्षी, कुठल्या दिवशी
कुणालाही न सांगता तिने काय पुरलं होतं.

तक्रार मी लिहून दिली आहे. पैसे येतील की नाही, ठाऊक नाही.
ती उठली, टोपली डोक्यावर घेतली,
तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.
आधी तिने तो वाजू दिला, पुष्कळ.
मग उचलला, आणि भर बाजारात भाव सांगायच्या आवाजात म्हणाली,
"आधी तुझं नाव सांग, बाळा.
आईचं सांग. गाव सांग. जन्म कधीचा?"

पलीकडे शांतता.
मग फोन तुटला.
रेंज गेली असेल, मी म्हटलं.
"असेल," आराबा म्हणाली.