ओळ सतरा

अँटवर्पच्या विमा कंपनीनं साधंच विचारलं होतं:
तुमचा भारंबे उद्या बसखाली आला, तर?

मी जळगावच्या एमआयडीसीत बसते,
चटईच्या कारखान्याला लागून, दुसऱ्या मजल्यावर.
खिडकी उघडली की तापल्या प्लास्टिकचा वास,
म्हणून उघडत नाही.
माझं काम जोखमींची वही सांभाळायचं.
वही म्हणजे एक्सेल. ओळी एकेचाळीस.
प्रत्येकीपुढे शक्यता, फटका, उपाय
आणि शेवटच्या रकान्यात मालक.
ओळ चार, वीज.
ओळ नऊ, विदगावच्या पुलाजवळ खणताना तुटणारी केबल.
ओळ बारा, मे महिना: सेहेचाळीस अंशांत सर्व्हरला येणारी घेरी.

ओळ सतरा, लाल:
डिगंबर चावदस भारंबे, वय एकोणसाठ.

जहाजांच्या विम्याचा तो जुना प्रोग्राम
माझ्या जन्माआधी तिकडे कुणीतरी लिहिला,
आणि ते कुणीतरी वारलं.
त्याची नस आता एकट्या आप्पांना सापडते.
बसचा प्रश्न मी त्यांना मराठीत करून सांगितला.
केळीचे वेफर खात होते. म्हणाले,
'फैजपूरची बस आधी येईन तं खरी व!'

मग ठरलं, जे डोक्यात आहे ते सगळं उतरवायचं.
मुदत तीन महिने.
उतरवून झाल्यावर डोक्याचं काय,
हे त्यांनी विचारलं नाही.
विचारलं असतं, तर माझ्याकडे रकाना नव्हता.

आई लग्नाला निघाली की एसटीत
पदर गळ्याशी ओढून घ्यायची.
झोपू नको गं, अंगावर जोखीम आहे.
जोखीम म्हणजे सोनं,
सराफ बाजारात डोळ्यांदेखत जोखून घेतलेलं,
एकाच गळ्यात आहे म्हणून जपायचं.
इथे आल्यावर कळलं,
एकाच गळ्यात आहे म्हणून उतरवूनही घेतात.

आप्पा लिहीत गेले,
दोन बोटांनी, ओठ हलवत.
महिनाअखेर रविवारी आली तर काय.
लीप वर्षात तो कुठे अडखळतो.
पान एकशे चाळीस:
पहाटे सव्वातीनला पडदा थांबला तर घाबरू नये,
दोन मिनिटं वाट पाहावी, चहा घ्यावा, मग एंटर.
'चहा' मी खोडला.
पुन्हा घातला.
शेवटी खोडलाच.

वहीत जोखमीवर चारच इलाज असतात:
टाळा, घटवा, दुसऱ्यावर सोपवा, पत्करा.
अँटवर्पनं सोपवली जळगाववर, स्वस्तात.
जळगावनं आप्पांवर, त्याहून स्वस्तात.
आप्पांनी ती अठरा वर्षं पत्करली,
त्यांची सही मात्र कुणी मागितली नाही.

डिसेंबरात ओळ सतरा हिरवी झाली.
तिकडून आभाराची मेल आली, इकडे भरिताची पार्टी,
ममुराबाद रस्त्यावरच्या मळ्यात.
पऱ्हाटीच्या जाळावर वांगी आप्पाच परतत होते,
हाताला चटके बसू न देता.
कुठलं कधी उलटायचं, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.
जानेवारीत त्यांचं कंत्राट वाढवलं नाही.
निर्णयाच्या मेलमध्ये माझी वही जोडलेली होती.

जाताना वॉचमन सुकलाल पावराला
जनरेटरचा पाना कुठे असतो ते दाखवून गेले.

परवा रात्री वीज गेली.
सुकलालनं जनरेटर लावला.
सव्वातीनला पडदा थांबला.
मी पान एकशे चाळीस उघडलं,
दोन मिनिटं मोजली, एंटर दाबला.
जहाजं पुढे सरकली.
काहीही बिघडलं नाही.
काही बिघडलं असतं, तर त्यांना फोन करता आला असता.

मी नवी ओळ उघडली, बेचाळीस.
शक्यता काय लिहावी सुचेना, फटकाही.
मालकाच्या रकान्यात माझं नाव आपोआप आलं.
तसंच सोडून उठले,
आणि चहा ठेवला.